पापडाच्या दिवसांतला बॉक्सिंगचा वर्ग

परवा सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर दोरीखाली जुन्या पातळावर कोणीतरी उडदाचे पापड पसरून ठेवलेले. चाळीस-पन्नास असतील. चार कोपऱ्यांना चार विटा. सगळे एका मापाचे गोल, म्हणजे यंत्रावर दाबलेले. मी वाकून एक उचलला, वास घेतला आणि परत ठेवला. हिंग बेताचाच होता.

तेवढ्यात खालून दणदणाट सुरू झाला. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर यंदा जिम निघालीय. काचेच्या भिंती, आत थंड हवा, आणि सकाळी बायकांचा किकबॉक्सिंगचा क्लास. शिकवणारी पोरगी चोवीस-पंचवीसची. कानापाशी माइक लावून ओरडते, "जॅब, क्रॉस, आता हुक!" मी कधीकधी पायरीवर उभी राहून पाहते. पोरगी चांगली आहे, मेहनती आहे. फक्त बायकांच्या टाचांकडे तिचं लक्ष नसतं. टाच जमिनीला चिकटून राहिली की ठोसा नुसत्या खांद्यातून निघतो, आणि महिन्याभरात खांदा बोंबलायला लागतो. एकदा सांगितलं तिला. ती गोड हसून म्हणाली, "आजी, तुम्ही योगा करता का?" मी म्हटलं, हो, करते. काय बोलणार!

पापड आणि ठोसे असे एका वेळी समोर आले की मी इथे उरतच नाही. नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या एका उन्हाळ्यात जाऊन पोचते, जेव्हा जळगावातल्या एका कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, बंद शेडमध्ये मी बायकांना बॉक्सिंग शिकवत होते. हसू नका. खरंच शिकवत होते.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची. मुलींच्या शाळेत पीटीची शिक्षिका, म्हणजे मुलींच्या भाषेत शिट्टीवाल्या बाई. धुळ्याहून आलेली, एकटी, भाड्याच्या खोलीत राहणारी. घरमालकांनी खोली देताना आडनाव विचारलं, जरा थांबून पुन्हा विचारलं, आणि मग दिली. बॉक्सिंग मला आबांकडून आलं. आबा म्हणजे माझे वडील. पंधरा वर्षं फौजेत काढली, तिथे पलटणीकडून खेळले, आणि परतल्यावर धुळ्याच्या मिलमध्ये लागले. त्यांना मुलगा नव्हता. असता तरी मलाच शिकवलं असतं, असं ते म्हणायचे, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "उगाच काहीतरी बोलू नका." लाथा मारायचं शास्त्र मात्र मी नाशिकच्या पंधरा दिवसांच्या शिबिरात शिकले. घरी येऊन आबांना करून दाखवलं, तर म्हणाले, "पाय चालायला असतात, पण असू दे."

जिनातला कापूस होळीच्या सुमारास संपतो. यंत्रं थंडावतात, मजूर गावी जातात, आणि एवढी मोठी शेड दिवाळीपर्यंत नुसती पडून असते. जिनाच्या मालकांची, शेठजींची, मुलगी माझ्या वर्गात होती, त्या ओळखीवर मी जागा मागितली. शेठजींचे आजोबा मारवाडातून आलेले. शेठजींची मराठी मात्र माझ्यापेक्षा मऊ. ते म्हणाले, "बाई, बायका येतात तोवर शेड तुमची. पण मला रिकामी जागा बघवत नाही. एकदा का ओस दिसली, की मी त्यात ढेपेची पोती टाकणार." ढेप म्हणजे सरकीची पेंड, गुरांचं खाणं. मी म्हटलं, शेठजी, ओस दिसणारच नाही. सत्ताविसाव्या वर्षी माणूस काहीही बोलतं.

पहाटे साडेपाचला वर्ग. त्यानंतर आमच्याकडचं ऊन कोणाला सोडत नाही. पत्र्याचं छप्पर, कोपऱ्याकोपऱ्यात अडकलेले कापसाचे पुंजके, आणि तेलकट, गोडसर असा सरकीचा वास. हात हलवला की पुंजके उडायचे आणि घामावर चिकटायचे. अर्ध्या तासात आम्ही सगळ्याजणी म्हाताऱ्या दिसायला लागायचो. तुळईला मी तीन पोती टांगली होती, दुहेरी तागाची, आत खच्चून भरलेली सरकी. आबांचे दोन जोड ग्लोव्हज होते, आणि चार जोड मोच्याकडून रेक्झिनचे शिवून घेतले होते. त्याने मापं घेताना विचारलं होतं, "बाई, हे बैलाच्या कोणत्या भागाला बांधायचं?"

पहिल्याच दिवशी तीन बांगड्या गेल्या. मी बेसावधपणे म्हणाले, "अगं, फुटली वाटतं." सगळ्यांचे हात आपापल्या बांगड्यांवर गेले. मग एकजण म्हणाली, "फुटली नका म्हणू बाई, वाढली म्हणा." दुसऱ्या दिवशी कोणी आलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लग्न झालेल्या बाईनं हात रिकामे करायचे नाहीत, आणि काचेच्या बांगड्यांवर ग्लोव्हज चढत नाहीत, या दोन गोष्टींचा विचार आबांच्या फौजेत कोणी केलेला नव्हता. शेवटी मी जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, बांगड्या कोपराकडे सरकवून त्यावर पट्टी गुंडाळली, आणि दारोदार जाऊन दाखवून आले. मग आमच्या गल्लीतल्या बावीसजणी आल्या. मंगळसूत्रं पाठीवर टाकलेली, पदर खोचलेले, एकीच्या अंगात नवऱ्याचा शर्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी कापसाच्या नावावर खपवलं.

ठोशाबरोबर श्वास तोंडानं बाहेर टाकायचा असतो, हुस्स करून. तो आवाज काढायला त्यांना आठ दिवस लागले. शिंकसुद्धा पदरात देणाऱ्या बायका त्या. ठोसा मारायच्या आणि ग्लोव्ह तोंडावर धरून हसत सुटायच्या. आणि लाथ? लाथेची तर वेगळीच गंमत. मी लाथ मारून दाखवली, "आता तुम्ही" म्हटलं, तर सगळ्या जागच्या जागी खांबासारख्या. जिजी नावाच्या साठीच्या बाई होत्या, गल्लीतल्या सगळ्यांत वडील. त्या वर्ग करायच्या नाहीत, पण सुनांवर लक्ष ठेवायला रोज येऊन पोत्यावर बसायच्या. त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मास्तरीण, आत सरकी शे ना? कापसाला पाय लावतं का कोणी? लक्ष्मी शे ती." एक धीट सून पुढे झाली, तिनं कशीबशी लाथ मारली, आणि लगेच पोत्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग सगळ्यांचं तेच सुरू झालं. लाथ, नमस्कार, लाथ, नमस्कार. त्या तालात कोणाला काय शिकवणार? मी दुसरं पोतं आणलं, त्यात भुसा आणि चिंध्या भरल्या, आणि जाहीर केलं की यात लक्ष्मी नाही. त्या दिवसापासून लाथा अशा बसायला लागल्या की मलाच भीती वाटली.

एका पहाटे दार उघडलं तर दोन शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून ठोशाचं पोतं खालून फाडून निवांत सरकी खात होत्या. मला बघून त्यांनी तोंड काढलंसुद्धा नाही.

कमलाक्का या वर्गात आल्या त्या दुसऱ्या आठवड्यात. सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. माहेर अमळनेरकडच्या खेड्यातलं, त्यामुळे बोलणं अर्धं अहिराणी, अर्धं जळगावचं. यजमान एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांचा उजवा खांदा वर्षापासून धरला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. केससुद्धा त्यांची मुलगी रेखा विंचरून द्यायची. "डॉक्टर म्हणस, हात हालवा," त्या म्हणाल्या. "मंग म्हटलं, आमच्याकडे हात हालवायचं ठिकाण एकच शे." आणि हसल्या. त्यांच्या हसण्यावर मी तिथेच विकली गेले.

पण त्या काही बॉक्सिंगसाठी आल्या नव्हत्या. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. त्यासाठी आमच्या गल्लीचे पापड समजून घ्यायला हवेत. चैत्र लागला की घराघराच्या पाळ्या लागायच्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन उजाडायच्या आत हजर. उडदाचं पीठ पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवायचं, आणि मग तेलाचा हात लावलेल्या मुसळानं दगडावर कुटत राहायचं, दगडासारखा गोळा लोण्यासारखा होईपर्यंत. लाटणाऱ्या पंचवीस असतात, कुटणारी एखादीच. गल्लीत ते काम वीस वर्षं कमलाक्कांचं होतं. त्यांनी कुटलेल्या लाट्या कच्च्या खायला आम्ही तेलाची वाटी घेऊन उभ्या राहायचो, असं गल्लीतल्या पोरी सांगायच्या. खांदा धरल्यापासून त्यांना बोलावणं येईनासं झालं. वाईटपणानं नाही हो. "कमलला कशाला त्रास," एवढंच. एकदा एकीनं म्हटलं होतं, "या, नुसत्या बसा." ते तर त्यांना फारच लागलं होतं.

आणि त्या वैशाखात रेखाचं लग्न होतं, शिरपूरला. रुखवतात आईच्या हातचे पापड जायला हवेत. गल्लीचा रिवाज असा की तुम्ही दुसरीच्या घरी राबलात, तर तुमच्या पाळीला ती येणार. कमलाक्कांची पाळी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी होती. त्याआधी दोन-चार घरी तरी मुसळ उचलून दाखवायचं, मग ताठ मानेनं सगळ्यांना बोलावायचं, आणि लेकीच्या लग्नाचं पीठ आपल्या हातानं कुटायचं. बस्स, एवढंच. त्या म्हणाल्या, "मास्तरीण, कोनी मेहरबानी म्हणून येवाले नको. तुम्ही सांगाल तवाच मी जाईन. तुम्ही म्हणाल हात तयार शे, तवा."

एवढा भरवसा टाकलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. भिंतीवर खडूनं रेघा मारल्या. रोज बोटांनी भिंत चढायची, हात जिथवर जाईल तिथे नवी रेघ. मग डाव्या हाताचे हलके ठोसे, मग उजव्याचे छातीइतके. मी ओरडायचे, "खांदा विसरा, टाच फिरवा, कंबर फिरवा, हात आपोआप येतो." त्या दात-ओठ आवळून करायच्या. दुखलं तर हुस्स जरा जोरात निघायचं, एवढंच.

गुढीपाडवा गेला आणि माझा वर्ग गळायला लागला. बाविसाच्या अठरा झाल्या, अठराच्या अकरा. कारण तेच, पापड. पहाटेची वेळ आमचीही आणि त्यांचीही. उन्हं चढली की पीठ सुकतं, लाटताना कडा चिरतात. मी समजून घ्यायला हवं होतं. पण मी आबांची मुलगी, डोकं फौजेचं. एका पहाटे सातजणी समोर होत्या, त्यांना उभं करून मी म्हणाले, "असं चालणार नाही. एक काय ते ठरवा. वर्ग, नाहीतर पापड." त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना माझी कीव आली असावी, असं आता वाटतं. दुसऱ्या दिवशी सहाजणी पापडाला गेल्या. पापडच ते, थांबतात थोडेच!

उरल्या कमलाक्का. एकट्या. रामनवमीच्या दिवशीही आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मला असं भरून यायचं की विचारू नका. वाटायचं, हिला म्हणतात निष्ठा. आणि या भरात मी जे केलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी चार-पाच बायका भेटल्या. कमलाक्काही मागून येत होत्या. मी मोठ्यानं म्हणाले, "शिका जरा कमलाक्कांकडून. एक दिवस चुकवला नाही त्यांनी!" मग एकजण मेथीची जुडी उलटीपालटी करत हळूच म्हणाली, "त्यांना कुठं बोलावणं आहे, बाई."

कमलाक्कांनी ते ऐकलं. ऐकून त्यांनी वांगी घेतली, घासाघीस केली, आणि घरी गेल्या. मी मात्र तिथे टोपलीकडे बघत उभी. खरं तर बोलावणं मलाही नव्हतंच. गल्लीत राहायला लागून दुसरा उन्हाळा होता, पण पापडाला मला कोणी बोलावत नव्हतं. त्याची कारणं बरीच देता आली असती. शाळा असते, एकटी बाई, सवय नसेल. एक कारण सोडून सगळी तोंडावर सांगण्यासारखी होती.

आता खरं सांगायचं ते सांगते. हनुमान जयंतीच्या पहाटे कमलाक्कांचा हात शेवटच्या रेघेच्या वर गेला. अगदी सरळ, कानाला टेकून. मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं की खांदा सुटलाय. त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या विचारत होत्या, हे मला कळलं. आणि मी म्हणाले, "अजून थोडं. घाई नको."

का म्हणाले? कारण त्या गेल्या असत्या तर शेडमध्ये मी एकटी राहिले असते. शेठजींनी ढेपेची पोती टाकली असती. माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या अकलेनं उभी केलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती एका बाईच्या खांद्यावर टिकून होती. तो खांदा बरा झालेला मला नको होता. असं सरळ शब्दांत मी तेव्हा मनातही म्हटलं नाही. मनात मी म्हणत होते, पुन्हा दुखावला तर? उगाच जोखीम नको. शिकवणाऱ्या माणसाला अशी कारणं फार सुचतात.

दोन दिवसांनी पुन्हा "अजून थोडं." त्यानंतर पुन्हा. तिकडे गल्लीत रोज एका घरची पाळी उरकत होती. पहाटे मी कुलूप काढायला निघाले की कुठल्यातरी अंगणातून मुसळाचा आवाज यायचा. नव्या कुटणाऱ्या पोरी थकायच्या, मध्येच थांबायच्या. कमलाक्का माझ्याबरोबर चालत असायच्या. त्या क्षणभर कान द्यायच्या आणि म्हणायच्या, "पीठ कच्चं ऱ्हाई गयं." मग आम्ही शेडमध्ये जाऊन सरकीचं पोतं बडवायचो. त्यांचा ठोसा आता असा बसत होता की तुळईवरची धूळ पडायची. मी टाळ्या वाजवायचे. माझी मलाच लाज वाटायची, आणि तरी वाजवायचे.

त्या रविवारी मी धुळ्याला गेले. एसटीत खिडकीतून गरम वारा, पारोळ्याला उसाचा रस, सगळं नेहमीसारखं. आबा पांझरा नदीच्या बाजूला तोंड करून ओट्यावर बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "किती येतात?"

"एक," मी म्हणाले.

"कशी आहे?"

मी सांगितलं. खांदा, रेघा, रेखाचं लग्न, पाळ्या, सगळं. हनुमान जयंतीपर्यंत आले आणि पुढे गुळमुळीत बोलायला लागले. आबा ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हात वर गेलाय ना?"

"गेलाय."

"मग ती तुझ्याकडे काय करते?"

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "फौजेत आमचा एक उस्ताद होता. तयार झालेल्या पोराला रिंगमध्ये सोडायचाच नाही. म्हणायचा, अजून कच्चा आहे. आम्हाला वाटायचं, केवढा जपतो. नंतर कळलं, पोरगं जिंकून मोठं झालं तर याला कोण विचारणार, ही भीती." एवढं बोलून ते आईला म्हणाले, "हिला जेवायला वाढ, परतीची गाडी चुकेल." मी जेवले.

दुसऱ्या पहाटे कमलाक्का दारात उभ्या होत्या, पट्टी हातात. मी कुलूप काढलंच नाही. म्हणाले, "कमलाक्का, हात तयार आहे. आज कोणाकडे पाळी असेल तिथे जा. आत्ताच जा." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, विचारतील, काल नव्हता, आज कसा तयार झाला? त्यांनी नाही विचारलं. पट्टीची घडी करून माझ्या हातात दिली आणि गेल्या.

त्या दिवशी पाळी जिजींकडे होती. न बोलावता कोणाच्या अंगणात जाऊन उभं राहणं म्हणजे कमलाक्कांसारख्या बाईला जीव गेल्यासारखं. पुढचं मला नंतर कळलं. त्या फाटकात उभ्या राहिल्या. लाटणी थांबली. कुटणारी सून घामाघूम होऊन मुसळावर टेकली होती. जिजींनी वर पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "सरक गं, मुसळ दे तिले." मी तेव्हा माझ्या खोलीच्या दारात बसले होते. आधी नुसती शांतता, आणि मग तो आवाज सुरू झाला. थांबेना. एका लयीत, न थकता, जमिनीतून आल्यासारखा. बाई टाचेतून कुटत होती! मी एकटी दारात बसून हसले आणि मग डोळे पुसले.

शेड गेली, हे सांगून टाकते. आठ दिवस कुलूप पाहून शेठजींनी पोती टाकली. त्यांचं काही चुकलं नाही. पावसाळ्यात मी शाळेच्या व्हरांड्यात पुन्हा वर्ग सुरू केला, आणि पापडाच्या दिवसांत संध्याकाळची वेळ ठेवली. तो नऊ वर्षं चालला. साधी गोष्ट होती, वेळ बदलायची. मला ती एक उन्हाळा घालवून सुचली.

आखाजीच्या आधीच्या दिवसांत गल्लीला वेगळीच जाग असायची. लेकी माहेरी यायच्या, लिंबाला झोके बांधले जायचे, पोरींची गाणी सुरू व्हायची. एका संध्याकाळी रेखा माझ्या दारात आली. नवरी होणार म्हणून जरा लाजत, पण आईसारखीच उंच. म्हणाली, "बाई, उद्या आमच्याकडे पापड आहेत. आईनं सांगितलंय, पोळपाट-लाटणं घेऊन या." एवढं सांगून पळाली. मी खाणावळीत जेवणारी बाई, माझ्याकडे कुठलं पोळपाट! दुकानं बंद व्हायच्या आत धावत जाऊन घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, "पोळ्यांचं की पापडाचं?" मी ऐटीत म्हणाले, पापडाचं.

सकाळी अंगणभर बायका होत्या. एकही घर मागे राहिलं नव्हतं. कमलाक्का मध्ये उभ्या, पदर कमरेला, मुसळ डोक्याच्या वर जाऊन खाली येत होतं. मी कुठे बसावं ते कळेना. जिजी सरकल्या आणि म्हणाल्या, "बस मन्हा जोडे." मी त्यांच्या शेजारी बसले. माझे पापड गोल सोडून सगळ्या आकाराचे झाले. बायकांनी मला सोडलं नाही. वर्गात मी जेवढं ओरडले होते तेवढं सव्याज परत मिळालं. "बाई, टाच फिरवा!" "बाई, कंबर कुठंय?" मी निमूट लाटत होते. आयुष्यात इतकं कोणी चिडवलं नव्हतं आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

दुपारी सगळ्या घरी गेल्या. खाटांवर, पातळांवर, ओट्यावर पापडच पापड. कमलाक्का आणि मी कावळे हाकायला लिंबाच्या सावलीत बसलो. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, असं वाटलं.

"कमलाक्का," मी म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमचा हात हनुमान जयंतीलाच तयार होता. मी पाहिलं होतं. तुम्ही गेलात तर माझा वर्ग बंद पडेल म्हणून मी तुम्हाला अडकवून ठेवलं. तुमच्या पाळ्या हुकल्या. रेखाचे पापड राहिले असते माझ्यामुळे."

त्यांनी एक पापड उलटा केला. मग दुसरा.

"हनुमान जयंतीले कशाचं," त्या म्हणाल्या. "रामनवमीलेच वर गया व्हता हात. वरल्या फळीवरला डबा तवापासून मीच काढस. माले माझा हात कळत नही का?"

मी म्हणाले, "मग तुम्ही रोज येत का होतात? मी म्हणेन तेव्हाच जाईन, असं का..."

"रेखाना पापड काय, व्हनारच व्हतात. गल्ली सोडी देस का?" त्यांनी माझ्याकडे न बघता पातळाची सुरकुती सरळ केली. "तुम्हले तठे शेडमा कोन व्हतं?"

मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, अंगणात बसून. कमलाक्कांनी थोडा वेळ रडू दिलं, मग कोपरानं ढोसलं.

"रडनं व्हई तं तिकडे सरकून रडा, मास्तरीण," त्या म्हणाल्या. "पापडमा खार आधीच जास्त शे."